लाभाचं बटन

सन दोन हजार दोन. माझं वय तेव्हा एकसष्ट. कामणच्या पुढे भिवंडीच्या रस्त्याला लागून गोदामांची रांग होती, त्यातल्या एका गोदामात मी माल मोजायचो. तोंडाने मोजायचो. हातात कागद नाही, पेन्सिल नाही. हमाल हातगाडीवर खोके रचून आणायचे, गाडी माझ्यासमोरून गेली की मी हाक द्यायचो. गाडीला एक हाक. संध्याकाळी माझा आकडा आणि गोदामातला माल जुळायचा. नाही जुळला तर माल परत मोजायचे. मला कोणी मोजायला लावायचं नाही.

हे मी मिरवायला सांगत नाही. मिरवायचंच असतं तर अजून पुष्कळ आहे.

शाळा माझी दुसरीपर्यंत. त्यातही पहिली दोनदा. मोजणी मी शाळेत शिकलो नाही, मिठागरावर शिकलो. बाप मिठाच्या टोपल्या मोजायचा आणि मी त्याच्या पायाशी बसून ऐकायचो. आमच्यात मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. भात मोजा, मीठ मोजा, पहिलं माप लाभाचं. एकदा मी चुकून एक म्हटलं तर बापाने टोपलीच माझ्या डोक्यावर पालथी घातली. म्हणाला, "एक म्हनालास ना, आता एकच घेऊन घरी जा." ते मीठ कानातून निघायला वेळ लागला. शब्द मात्र पक्का बसला.

मी तो दोनदा म्हणायचो. "लाभ हाय लाभ!" पहिला लाभ हमालांना जागं करायला, दुसरा मोजणीचा. गोदामात पंख्यांचा आवाज, ट्रकचा आवाज, एकदा म्हटलेलं कोणाला ऐकू जातं? साबण संपून तेल सुरू झालं की मोजणी नव्याने सुरू, म्हणजे परत "लाभ हाय लाभ!" एका ट्रकमध्ये चार जातींचा माल असला तर चार वेळा लाभ. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मग ती डबडी आली.

साबणाच्या वडीपेक्षा मोठी, चपलेपेक्षा लहान. वर पाटीएवढीसुद्धा नाही अशी काच, खाली बटनं. मुंबईच्या ऑफिसातून खोक्यात घालून आणली होती. मॅनेजरने ती दोन्ही हातांवर अशी धरली, की मला वाटलं आता पाळण्यात घालून नाव ठेवतो. म्हणाला, "काका, आता सगळं यातच. तुम्ही मोजायचं, हिने बटनं दाबायची. आकडा थेट मुंबईला."

हिने म्हणजे माझ्या सुनेने.

सून दहावी पास. माझा मुलगा टेम्पो चालवतो, त्याच्या कमाईवर घर चाललं असतं. पण तिला स्वतःचं काम पाहिजे होतं. त्याआधी दोन पावसाळे ती चिंचोटीच्या फाट्यावर काकडी आणि भाजलेला मका घेऊन बसायची. तिथे पावसात कसली माणसं येतात ते आम्हाला विचारा. निघतात धबधबा बघायला आणि बघतात काकडीवालीला. एकाने तिचा हात धरला होता. तिने सुरी दाखवली तेव्हा सोडला. घरी येऊन तिने टोपली कोपऱ्यात आपटली आणि म्हणाली, "बाबा, गोदामात मला लावा. झाडू मारीन, पन परत त्या रस्त्यावर नाय बसनार." मी मॅनेजरला सांगितलं. त्याने डबडीवर तिला कच्ची घेतली. पावसाळा लागायच्या आत काम बघून पक्की करू, नाहीतर नाही, असं ठरलं. पक्की म्हणजे तिचं नाव, तिची रजा, महिन्याच्या महिन्याला तिच्या हातात तिचा पगार. नाहीतर फाटा, टोपली आणि सुरी.

पोरीचा हात चांगला होता. अंगठा असा चालायचा की सुई-दोरा वाटावा.

बटनांच्या वरच्या ओळीत चार बटनं होती, त्यांच्यावर एफ एक, एफ दोन, एफ तीन, एफ चार असं लिहिलेलं. अक्षर इंग्रजी, पण आकडे मला कळतात. आम्ही त्यांना आमच्या मोजणीचीच नावं दिली. पहिलं बटन लाभ, मग दोन, तीन, चार. सून म्हणायची, "बाबा, लाभ दाबलं." हमालसुद्धा तसंच म्हणायला लागले.

माल आत येताना जो पडदा दिसायचा, त्यात लाभ दाबलं की नवा माल सुरू व्हायचा. मी म्हणायचो लाभ हाय लाभ, तिचा अंगठा पहिल्या बटनावर दोनदा टक्‌ टक्‌. दोनदा दाबल्याने काही बिघडायचं नाही, नवा माल एकदाच सुरू व्हायचा. शब्द आणि बटन एकमेकांना सापडले. मला त्या डबडीबद्दल जरा बरंसुद्धा वाटायला लागलं होतं. ती माझी चूक नव्हती, डबडीचा लबाडपणा होता.

कारण माल बाहेर जाताना पडदा वेगळा.

त्या पडद्यात पहिल्या बटनाने सगळं पुसलं जायचं. ट्रकमध्ये तोवर भरलेलं सगळं. डबडी आधी विचारायची, इंग्रजीत, नक्की पुसू का म्हणून. आणि हो म्हणायचं असेल तर काय दाबायचं? तेच बटन. पहिलं. ज्या शहाण्याने हे केलं, त्याच्या घरी दाराची कडी आणि चुलीतला विस्तव एकाच दोरीला बांधलेला असणार.

आता बघा काय झालं. जावकेचा पहिला ट्रक. साबणाच्या लाभाला पुसायला काही नव्हतं. साबण भरला, तेल सुरू झालं. मी ओरडलो, "लाभ हाय लाभ!" सुनेच्या अंगठ्याला कान आहेत, डोळे नाहीत. टक्‌ टक्‌. पहिल्या टक्‌ला डबडीने विचारलं, दुसऱ्या टक्‌ला तिला होकार मिळाला. सगळा साबण गेला. ट्रकमध्ये होता, डबडीत नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "पुसलं."

"काय पुसलं?"

"सगळं."

ट्रक रिकामा करून परत भरावा लागला. ड्रायव्हर फळीवर बसून मला म्हणाला, "चाचा, आपका लाभ हो गया, मेरा दिन गया." हमालांचा मुकादम पाचूबंदरचा, तोंडाने तिखट. तो म्हणाला, "काका, तुझा लाभ आमच्या कंबरेला लागला रे."

मॅनेजर म्हणाला, पहिल्यांदा आहे, होतं.

हमाल बायकांनी उपाय काढला. एकीने कपाळाची लाल टिकली काढून बटनावर चिकटवली. ज्या बटनाने नवा माल सुरू होतो ते लाल, ज्याने पुसतं ते काळं. मला पटलं होतं. पण टिकली बटनाला चिकटते, पडद्याला नाही. आवकेत पहिल्या बटनाला लाल पाहिजे, जावकेत त्याच बटनाला काळी पाहिजे, आणि शिल्लक मोजायचा तिसरा पडदा होता त्यात पहिल्या बटनाने गपचूप बाहेर पडायचं. म्हणजे एकाच बटनाला तीन टिकल्या, आणि पडदा बदलला की काढा-लावा. अशी बाई असती तर गावाने वाळीत टाकली असती. बटनाला कोणी काही बोलत नाही, कारण ते इंजिनिअरने केलंय.

दुसऱ्यांदा पुसलं तेव्हा मॅनेजरने सुनेला केबिनमध्ये बोलावलं. मी मागून गेलो, मला बोलावलं नव्हतं तरी.

"हे बघ," तो तिला म्हणाला, "मुंबईला आकडे दिसतात. आले आणि गेले, आले आणि गेले. ते मला विचारतात, तिथे बसवलंय कोणाला? मी तरी काय सांगू?"

"साहेब, बटनं उलटी हायत," ती म्हणाली.

"बटनं सगळ्यांना तीच आहेत."

"तीच बटनं, पन कामं तीच नायत," मी म्हटलं.

"काका, तुम्ही मध्ये पडू नका." मग तिला, "अजून एकदा झालं तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटून घेऊ नकोस. हे वाक्य मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी ऐकवलंय, आणि ऐकवणाऱ्याला कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही.

मी तिथेच उभा राहिलो. म्हटलं, "ज्यानं बटनं लावली त्याला बोलवा. त्याला बघायचंय मला."

मॅनेजर साताऱ्याकडचा होता, माणूस वाईट नव्हता, फक्त मुंबईचा फोन वाजला की खुर्चीतून अर्धा उठायचा. त्याने बोलावलं.

इंजिनिअर बोळिंजचा. आमच्या डोळ्यांदेखत तिथे शेतं होती. आता जिकडेतिकडे इमारती, आणि प्रत्येक इमारतीत असा एक तरी, पाठीला पिशवी आणि गळ्यात फोटोचा पट्टा. सव्वीस-सत्तावीसचा असेल. आल्या आल्या मला म्हणाला, "हाय अंकल, तुम्हीच का ते लाभवाले?"

"तुम्हीच का ते पुसवाले?" मी म्हटलं.

तो हसला. हसला म्हणून मला अजून राग आला. डबडी हातात घेऊन त्याने बटनं अशी दाबली जशी लहान पोरं पिपाणी वाजवतात, आणि मॅनेजरला म्हणाला, "सर, सिस्टीम ओके आहे. ही युजर एरर आहे."

"युजर कोन?" मी विचारलं.

"जो वापरतो तो. म्हणजे या मॅडम."

"म्हनजे वापरनाऱ्याची चूक."

"टेक्निकली, हो."

"आनि बनवनाऱ्याची चूक असली, तर तिला काय म्हनता?"

"तिला बग म्हणतात."

"बघ? आमची चूक असली की आमचं नाव घ्यायचं, आनि तुमची असली की आमीच बघायची!"

मुकादम बाहेर खिडकीशी उभा होता, त्याला खोकला आला.

इंजिनिअरने मला समजावून सांगितलं. समजावताना आवाज मोठा केला, जणू मला शिक्षण कमी म्हणजे ऐकू कमी. आवकेचा पडदा एका माणसाने केला, तो नोकरी सोडून गेला. जावकेचा पुण्यातल्या एका बाईने केला. शिल्लकेचा याने स्वतः. ज्याला जसं सुचलं तशी त्याने बटनं लावली.

"तुमी तिघं एकमेकांशी बोलत न्हवता काय? भांडन होतं?"

"नाही हो अंकल. प्रत्येकाचं मॉड्यूल वेगळं असतं."

"मिठागरावर तीन बांधांवर तीन मानसं असायची," मी म्हटलं. "फळी वर म्हनजे पानी आत, फळी खाली म्हनजे पानी बंद. तिघांची तोंडं एकमेकांना बघवत न्हवती, खरं सांगतो, जमिनीवरून कोर्टात गेलेले. तरी फळी वर म्हनजे पानी आत. तिन्ही बांधांवर."

मला वाटलं, आता गप्प होईल. तो झाला नाही. पोरगा तोंडाचा फाटका होता आणि डोकं त्याच्याकडे होतं, तेवढं मी मान्य करतो. त्याने बूड टेबलाला टेकवलं आणि मला विचारलं, "अंकल, घरातून निघताना तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हननार? येतो म्हनतो."

"जाताय, आणि म्हणता येतो. दिवा विझवायचा तर म्हणता मालवतो. बांगडी फुटली तर म्हणता वाढवली. आणि एक असताना म्हणता लाभ. तुमची तर सगळीच बटनं उलटी आहेत. मग माझ्या एका एफ वनवर एवढं का चिडता?"

मॅनेजर हसला. खिडकीतला मुकादमही हसला, गद्दार. सून नाही हसली. तिने माझ्याकडे बघितलं. तिला उत्तर पाहिजे होतं, आणि ते मी दिलं नाही तर तिथे दुसरं कोणी देणार नव्हतं.

मी म्हटलं, "येतो म्हनून सगळेच जातात. कोनी एक तरी येतो म्हनून आत येऊन बसला काय? तुमच्या बोळिंजला बसत असेल, आमच्यात नाय. शब्द उलटा असू दे की सुलटा, सगळ्यांचा सारखा पायजे. आवकेचा लाभ निराळा, जावकेचा निराळा, असं माझ्या बापानं कधी केलं नाय."

तो मान हलवून म्हणाला, "पॉइंट आहे."

पॉइंट आहे म्हणजे काय ते मला पुढे कळलं. पॉइंट आहे म्हणजे आज काही होणार नाही. तो म्हणाला, पुढच्या रिलीजमध्ये बघू. मी म्हटलं, रिलीज व्हायला पिक्चर आहे काय? तो परत हसला, पिशवी पाठीला लावली आणि निघताना दारात वळून म्हणाला, "येतो, अंकल."

तो गेल्यावर जे दिवस गेले ते मला आठवायलाही आवडत नाहीत. जावकेचा ट्रक लागला की सून डबडी डाव्या हातात घ्यायची. डाव्या अंगठ्याला सवय नाही, म्हणजे आपोआप दाबलं जाणार नाही, असा तिचा हिशेब. काम कासवासारखं. ड्रायव्हर हॉर्न मारायचे. घरी चुलीपुढे बसली तरी तिचा उजवा अंगठा तर्जनीवर आपला आपण टक्‌ टक्‌ करायचा. तिला ते कळतही नव्हतं.

एका संध्याकाळी इंजिनिअर आला. रिलीज झालं होतं एकदाचं. त्याने डबडी तारेला जोडली, चहा पीत बसला, आणि उठून म्हणाला, "झालं. आता तिन्ही स्क्रीनवर सेम. एकदम स्टँडर्ड. एफ टू म्हणजे नवा माल, एफ थ्री म्हणजे बाहेर, एफ फोर म्हणजे पुसा. आवक, जावक, शिल्लक, कुठेही जा."

"आनि पहिलं?" मी विचारलं. "लाभ?"

"एफ वन म्हणजे हेल्प. मदत. सगळ्या जगात एफ वन म्हणजे मदतच असते अंकल."

त्याने दाबून दाखवलं. पडदा भरून इंग्रजी आलं. परत दाबलं, गेलं.

"काय लिवलंय त्यात?"

"कोणतं बटन कशाचं ते."

"इंग्लिशमध्ये."

"यात मराठी अक्षरं उमटत नाहीत ना."

"मग ज्याला मदत पायजे त्याला ती वाचता येनार नाय, आनि ज्याला वाचता येतं तो बोळिंजला बसलाय."

तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अंकल, टेन्शन घेऊ नका. आता तुम्ही बिनधास्त लाभ म्हणा. ती कितीही वेळा एफ वन दाबू दे. एफ वनने काहीच होत नाही."

काहीच होत नाही. लाभ पुसत होता तेव्हा निदान त्या शब्दाला काही वजन होतं, ट्रक रिकामा करायची ताकद होती. आता त्याने तो सभ्यपणे कोपऱ्यात बसवला, घरातल्या म्हाताऱ्याला बसवतात तसा. बोलू दे, बिचारा, त्याच्या बोलण्याने काही होत नाही.

मॅनेजर म्हणाला, "उद्या सकाळी पहिला ट्रक जावकेचा आहे, चार जातींचा माल. मुंबईहून बघणार आहेत. नव्या बटनांवर ट्रक बिनचूक गेला तर उद्याच हिचं नाव पक्क्यात टाकतो. नाही गेला तर काका, माझा नाइलाज आहे."

घरी आल्यावर सुनेने काड्यापेटी हातात घेतली आणि तीच डबडी समजून अंगठा चालवायला लागली. नवा माल दोन, बाहेर तीन, पुसा चार. पुटपुटत होती. मग म्हणाली, "बाबा, तुमी लाभ म्हना बघू."

मी म्हटलं, "लाभ हाय लाभ."

अंगठा गेला पहिल्या जागेवर. टक्‌ टक्‌.

"बघा," ती म्हणाली. "आता पुसत नाय, पन नवा माल पन सुरू होत नाय. ते इंग्लिश येतं नि जातं. मला वाटनार सुरू झालं, आनि तेल सगळं साबनात मोजलं जानार. नायतर तेवढ्यात तुमी दोन म्हननार, तिसरी गाडी येनार, मी घाबरनार." काड्यापेटी खाली ठेवली. "बाबा, उद्याच्या दिवस एक म्हना ना."

"एक?"

"काय बिघडतंय? एक, दोन, तीन. सगळं जग म्हनतं."

"सगळं जग एफ वनला मदत पन म्हनतं."

"मंग माझं काय?" ती म्हणाली. जोरात नाही म्हणाली. "तुमचा लाभ राहू दे. मी जाते काकड्या घेऊन."

माझी बायको तांदूळ निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, "साठ वर्षं लाभ लाभ चाललंय. कुठं ठेवलाय तो लाभ, जरा दाखवा तरी. म्हनजे झाडून घेते."

मला एक म्हणायचं नव्हतं. बाप मेला, मिठागर बुजलं, त्यावर बिल्डरने मातीचे ढीग टाकले, म्हणून मी एक म्हणू? ज्यांना तीन पडदे सारखे करायला इतका वेळ लागला, त्यांच्या सोयीसाठी? पोरीला मात्र त्या फाट्यावर परत बसलेली बघायची माझी तयारी नव्हती. जेवण झालं तसा मी पडून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आधीच लागला होता. मॅनेजर फोन कानाला लावून उभा. इंजिनिअरही आला होता, त्याला आपलं काम चालताना बघायचं होतं. "अंकल, मस्त मोठ्याने लाभ म्हणा," तो म्हणाला, "टेस्ट होऊन जाऊ दे." म्हणजे माझ्या बापाचा शब्द आता त्याच्या डबडीचं टेस्टिंग करायला हवा होता.

सून माझ्या शेजारी उभी राहिली. डबडी उजव्या हातात. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मुकादमाने पहिली गाडी ओढत फळीपाशी आणली.

मी हात वर केला आणि तोंड बंद ठेवलं.

गाडी माझ्यासमोरून गेली, ट्रकमध्ये चढली. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. मुकादम मागे वळून बघायला लागला, काकाचा घसा बसला की काय. सुनेचा अंगठा बटनांच्या ओळीवर अधांतरी थांबला होता. हाक आली नाही, म्हणून तो पहिल्याकडे धावला नाही. मग तिने खाली बघून, सावकाश, दुसरं बटन दाबलं. नवा माल सुरू झाला.

दुसरी गाडी आली. "दोन!" मी ओरडलो.

साबण संपला, तेल आलं. मी परत हात वर केला, गप्प राहिलो. अंगठा थांबला, तिने बघितलं, दुसरं बटन. "दोन!" पावडर आली, तसंच. काड्यापेट्या आल्या, तसंच. एकदाही इंग्रजी पान उघडलं नाही. ट्रकचं दार लागलं, मुंबईचा आकडा आणि इथला आकडा एकच निघाला. मॅनेजर फोनमध्ये येस सर येस सर करत केबिनमध्ये गेला, बाहेर आला आणि सुनेला म्हणाला, "आत ये, सही कर. पक्की झालीस." ती पदराने डबडी पुसत आत गेली.

इंजिनिअर माझ्याकडे आला. तोंड जरा पडलेलं होतं. "अंकल, पहिल्या गाडीला तुम्ही काहीच म्हणाला नाहीत."

"तुमच्या पहिल्या बटनानं काय होतं?"

"काही नाही."

"मग बरोबर हाय," मी म्हटलं, आणि पुढचा ट्रक मागे घ्यायला ड्रायव्हरला हाक मारली.